उपरणं रामकुंडात बुडवलं तर रंग कुठे जाणार?

प्रश्न: नाशिकला पंचवटीत आमचा महिला बचत गट आहे, शिवणकाम करतो. 2027 च्या सिंहस्थासाठी भगवी उपरणी आणि कापडी पिशव्या छापून विकायच्या आहेत, सोबत लहान बाळांची झबली-टोपरी. केमिकलचे रंग नकोत, नैसर्गिकच वापरायचे असं सगळ्यांचं म्हणणं आहे. कोणते रंग घ्यावेत? घरामागच्या अंगणात काम होईल का? आणि रंगाचं पाणी कुठे सोडायचं?

उत्तर:

ताई, तुम्ही तीन माल सांगितलेत आणि तिन्हींचं नशीब वेगळं आहे. उपरणं घामात भिजणार, ओल्या अंगाला घासणार आणि शेवटी गोदावरीत बुडणार. पिशवी वर्षातून दोनदा धुतली गेली तरी खूप. झबलं बाळ तोंडात घालणार, हे धरूनच चालायचं. त्यामुळे तिन्हींना एकच रंग सांगता येत नाही. घाईत असाल तर एवढंच वाचा: पिशव्यांना नैसर्गिक रंग खुशाल वापरा. उपरण्यांचं भगवं कापड रिअ‍ॅक्टिव्ह रंगात (सुताशी रासायनिक बंध जोडणारा रंग) रंगवलेलं तयार विकत आणा आणि तुम्ही त्यावर फक्त पिगमेंटची (पाण्यात न विरघळणाऱ्या रंगाची) छपाई करा. झबली पांढरी किंवा कोरीच राहू द्या, फार तर छातीवर एखादं छोटं फूल. अंगणात रंगाई मात्र करू नका.

आता कारणं.

मी बरीच वर्षं प्रोसेस हाऊसच्या (कापड रंगवणाऱ्या-छापणाऱ्या कारखान्याच्या) रंगखात्यात काढली, सध्या नाशिक, येवला, मालेगाव पट्ट्यातल्या लहान युनिटना रंग बसवून देतो. कुठेही गेलो की माझी पहिली विचारणा एकच असते: शंभर ग्रॅम रंग टाकला त्यातला कापडावर किती राहिला? तंतूला धरून बसलेला रंग सहसा कोणाच्या वाटेला जात नाही. सुटलेला रंग कातडीला लागतो आणि गटारात जातो. त्याहून वाईट म्हणजे रंग बसवण्यासाठी वापरलेले जोडपदार्थ, ज्यांचं नाव लेबलवर कधी येत नाही. 'नैसर्गिक' हा शब्द या दोन्हींबद्दल काहीच सांगत नाही.

उदाहरण घ्या. झाडापाल्याचे बहुतेक रंग सुतावर आपणहून टिकत नाहीत, त्यांना धरून ठेवायला धातूचं मीठ लागतं. आम्ही त्याला मॉर्डंट म्हणतो. तुरटी आणि बेताचं हिराकस (लोहाचं मीठ) इथवर ठीक आहे. मोरचुदातलं तांबं पाण्यातल्या जिवांना मारतं. आणि गडद, पक्का तपकिरी हवा म्हणून काही ठिकाणी पोटॅशियम बायक्रोमेट वापरतात. त्यातलं सहा-संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. वर झेंडूची फुलं, खाली बायक्रोमेट, आणि टॅगवर 'शंभर टक्के नैसर्गिक'. असा माल मी पाहिलेला आहे. कोणी नैसर्गिक रंगाचं कापड विकत असेल तर रंगाचं नाव नंतर विचारा, आधी मॉर्डंट विचारा. सांगता आलं नाही तर समजून जा.

तुमच्या हाताशी असलेला कच्चा माल मात्र उत्तम आहे, त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कांद्याची सालं. लासलगाव, पिंपळगावच्या खळ्यांवर ढीग पडलेला असतो. वरच्या सुक्या पापुद्र्यात क्वेर्सेटिन असतं, तोच रंग. सुती कापडाला आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ आणि तेलकटपणा पूर्ण काढायचा. ही पायरी बहुतेक जण उरकून टाकतात आणि मग डाग पडले म्हणून रंगाला दोष देतात. मग शंभर ग्रॅम कापडाला वीस ग्रॅम हिरड्याची पूड, कोमट पाण्यात रात्रभर. पिळून, वाळवून, पंधरा-वीस ग्रॅम तुरटीच्या पाण्यात. पन्नास ग्रॅम सालं पाऊण तास उकळून गाळून घ्यायची, पाणी कोमट झाल्यावर कापड टाकायचं, हळूहळू तापवत न उकळता तासभर ठेवायचं आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचं. सोनेरी तपकिरी येतो. शेवटी दोन ग्रॅम हिराकसाच्या पाण्यातून काढलं तर शेवाळी. हिराकस चार ग्रॅमच्या पुढे नेऊ नका, कापड काही महिन्यांत चिरायला लागतं.

डाळिंबाची साल याहून गुणी. सटाणा, देवळा, मालेगाव भागात डाळिंब भरपूर आणि रसवाल्यांकडे साल फुकट. तिच्यात टॅनिन इतकं असतं की हिरड्याचं कामही तीच करते आणि पिवळाही देते. हिराकसाबरोबर राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत जाते. दसरा-दिवाळीनंतरचा झेंडू तुरटीवर छान पिवळा देतो. पंचवटीतल्या मंदिरांचं निर्माल्य मिळालं तर फुलं हार-दोऱ्यासकट उकळू नका. दोऱ्याला कच्चा रंग लावलेला असतो, तो सगळ्या पाण्यात उतरतो.

आणि न चालणाऱ्यांची यादीही सांगून ठेवतो, कारण दर वर्षी कोणीतरी वायनरीतला द्राक्षाचा चोथा घेऊन येतं. बीट, जास्वंद, जांभूळ, लाल द्राक्षं यांचा कापडावर डाग पडतो, रंग बसत नाही. साबण लागला की छटा बिघडते आणि उन्हात आठवड्यात उडतो. हळद सुंदर दिसते, पण उन्हापुढे टिकत नाही. पळसाच्या फुलांचंही तेच. रंगपंचमीला ठीक.

द्राक्षांचा खरा उपयोग वेगळ्याच ठिकाणी आहे: निळीत. नीळ पाण्यात विरघळत नाही, तिचा ऑक्सिजन काढून घेतला तरच ती विरघळून सुतात शिरते. कारखान्यात त्यासाठी हायड्रोस (सोडियम हायड्रोसल्फाइट) वापरतात. ते स्वस्त आणि झटपट आहे, पण त्याची पूड दमट झाली की आपोआप तापून पेट घेऊ शकते आणि उरलेलं पाणी सल्फेट-सल्फाइटनं भरलेलं असतं. घरगुती पातळीवर चुना आणि साखर हे काम करतात. वजनानं एक भाग नीळ, दोन भाग विझवलेला चुना, तीन भाग फ्रुक्टोज. द्राक्षात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, तेव्हा खपत नसलेला फाटका बेदाणा उकळून त्याचं पाणी घेतलं तरी चालतं, फक्त मात्रा वाढवावी लागते. पाणी हाताला सोसवणार नाही इतकं गरम ठेवायचं आणि काठीनं हवा न घुसवता हळू ढवळायचं. तासाभरात वर तांबूस, धातूसारखी चमकणारी साय धरते. ती बाजूला सारली की खालचं पाणी पिवळट हिरवं दिसतं. निळं दिसत असेल तर अजून तयार नाही. कापड आत हिरवं होतं आणि बाहेर काढून हवेत धरलं की कडेपासून निळं व्हायला लागतं. चुन्यामुळे पाणी बरंच क्षारयुक्त असतं, म्हणून हातमोजे हवेतच. शेवटी व्हिनेगरच्या पातळ पाण्यातून काढून, पाणी नितळ निघेपर्यंत धुवायचं, कारण निळीचा ओल्या घर्षणातला टिकाऊपणा मुळात बेताचा असतो.

तुमच्या पिशव्यांसाठी मी याहून सोपी गोष्ट सुचवेन: लोखंड-गुळाचा काळा. राजस्थानात बगरूचे छिपे (ठशांनी कापड छापणारे कारागीर) पिढ्यान्‌पिढ्या हाच वापरतात. गंजके खिळे, पत्र्याचे तुकडे मातीच्या किंवा प्लास्टिकच्या भांड्यात, त्यात गूळ आणि पाणी, वर सैल झाकण, दोन आठवडे. आंबूस वास येतो, फेस येऊन बसतो. गाळून घेतलेल्या पाण्यात चिंचोक्याच्या पिठाची खळ शिजवून मिसळायची आणि हिरड्यात भिजवून वाळवलेल्या मांजरपाटावर लाकडी ठशानं छापायचं. ठसा उचलता तेव्हा फिकट राखाडी दिसतो आणि बायका म्हणतात, काका, हे नाही जमलं. पाच मिनिटं थांबायचं. हिरड्यातलं टॅनिन आणि लोह हवेत जुळतात आणि डोळ्यांदेखत काळा चढतो. हा रंग उन्हाला दाद देत नाही, भट्टी लागत नाही आणि धुण्याचं पाणीही फार निघत नाही. पिशवीला आणखी काय हवं?

मग उपरण्यांना हेच का नको? एक तर ठरलेला भगवा, तोच भगवा, हजार उपरण्यांवर नैसर्गिक रंगानं आणणं जवळजवळ अशक्य आहे. साल बदलली, पाणी बदललं की छटा बदलते. दुसरं, आपल्या भागातलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं, कठीण असतं, त्यात लोह असेल तर पिवळा मळका होतो. तिसरं कारण सगळ्यात मोठं: उपरणं ओलं वापरायचं आहे. भाविक बुडी मारून ते खांद्यावर टाकणार, आणि खाली पांढरा सदरा.

साधूंची वस्त्रं परंपरेनं गेरूत रंगवतात. गेरू म्हणजे लोहाचा ऑक्साइड, उन्हात वर्षानुवर्षं उडत नाही, विषारी नाही. पण तो तंतूत शिरत नाही, नुसता वर बसतो, म्हणून पुन्हापुन्हा रंगवावं लागतं. बाइंडरबरोबर (रंग कापडाला चिकटवून ठेवणारा पदार्थ) छापायला मात्र गेरुआ फार चांगला. छपाईत ही छटा हवी असेल तर कापडासाठीच बनवलेला, तपासलेला आयर्न ऑक्साइड घ्या. डोंगरातली काव आणून दळू नका, तिच्यात इतर कोणते धातू आहेत ते डोळ्यांना दिसत नाही.

आता कृत्रिम रंगांकडे. ते सरसकट वाईट नाहीत, पण त्यातले काही खरोखर वाईट आहेत आणि नेमके तेच सुट्ट्या पुड्यांत मिळतात. 1895 साली फ्रँकफुर्टच्या लुडविग रेन या शल्यचिकित्सकानं रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांत मूत्राशयाच्या गाठी आढळल्याचं मांडलं. पर्किननं पहिला कृत्रिम रंग काढला 1856 साली, म्हणजे मधे चाळीसएक वर्षं गेली. पुढे कळत गेलं की बेंझिडीनसारखी अ‍ॅरोमॅटिक अमाइन त्यामागे आहेत, आणि काही अ‍ॅझो रंग (कृत्रिम रंगांचा एक मोठा गट) शरीरात किंवा कातडीवर फुटून तीच अमाइन परत देतात. जर्मनीनं 1994 मध्ये असे रंग असलेल्या कपड्यांवर बंदी आणली. आपला निर्यातीचा माल परत यायला लागला तेव्हा इथेही जाग आली. बेंझिडीनवर आधारलेल्या 42 रंगांवर आपल्याकडे आधीच बंदी होती, 1997 च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं आणखी 70 अ‍ॅझो रंगांवर ती घातली. युरोपात आज अशा 22 अमाइनपैकी कोणतंही एक किलो कापडात 30 मिलिग्रॅमच्या वर सापडलं तर माल नापास. सगळे अ‍ॅझो रंग यात येत नाहीत, हे लक्षात ठेवा. 'अ‍ॅझो-फ्री' असं जे लिहितात त्याचा खरा अर्थ 'या बंदीतल्या अमाइन न देणारा' इतकाच.

भगव्याच्या आणि लालाच्या बाबतीत हे जास्त जपायला हवं, कारण स्वस्त भगवा अजून दोन वाटांनी येतो. एक, डायरेक्ट रंग: मीठ टाकून उकळलं की झालं. तो सुताला सैल चिकटलेला असतो, ओला होताच सुटतो. यात्रेत मिळणारं स्वस्त उपरणं बादलीत टाकलं की पाणी केशरी होतं ते यामुळेच. दुसरी वाट नॅफ्थॉलची. त्यात कापडावर आधी नॅफ्थॉल आणि मग डायझो केलेला 'बेस' चढवतात, आणि रंग तंतूतच तयार होतो. रंग झळझळीत आणि धुण्याला पक्का, म्हणून झेंड्यांना तो आवडीनं वापरतात. पण दुकानदारानं दिलेल्या डब्यावर फास्ट रेड टीआर बेस, फास्ट ब्ल्यू बी बेस किंवा फास्ट गार्नेट जीबीसी बेस असं लिहिलेलं असेल तर तो डबा हातातही घेऊ नका. हे तिन्ही बेस म्हणजे त्या 22 पैकीच अमाइन आहेत, पुडीतच, सरळ सरळ. इथे कपडा घालणाऱ्याच्या आधी ढवळणारा मरतो.

रिअ‍ॅक्टिव्ह रंग 1956 मध्ये बाजारात आले. हे सुताशी रासायनिक बंध जोडतात, म्हणून नीट धुऊन काढलेलं रिअ‍ॅक्टिव्ह भगवं रामकुंडात बुडवलं तरी पाणी रंगत नाही. उपरण्यांसाठी हेच. ऑर्गॅनिक कापडाच्या जीओटीएस मानकातही कृत्रिम रंगांना सरसकट मनाई नाही, कसोट्या पार करणारे रिअ‍ॅक्टिव्ह तिथे चालतात. मग तुम्ही स्वतः का रंगवू नये? मिठामुळे.

हिशेब करून बघा. बुडवून रंगवताना एक किलो कापडाला दहा लिटर पाणी धरलं आणि लिटरला 60 ग्रॅम मीठ, म्हणजे किलोमागे 600 ग्रॅम मीठ. त्यातलं काहीही कापडावर राहत नाही. शंभर किलो कापड रंगवलं की साठ किलो मीठ गटारात, शिवाय सोडा, शिवाय न बसलेला रंग, जो रंगागणिक दहा ते चाळीस टक्के असू शकतो. तुरटी-चुन्यानं रंग थोडाफार खाली बसतो, मीठ बसत नाही. तमिळनाडूत तिरुपूरला नेमकं हेच झालं. नोय्यल नदी आणि आसपासच्या विहिरी खारवल्या, शेतकरी कोर्टात गेले आणि जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयानं तिथली रंगाई-ब्लीचिंगची युनिट बंद करायला लावली. पुढे त्यांना आरओ आणि बाष्पीभवन यंत्रं लावून पाणी आणि मीठ परत मिळवावं लागलं. तो खर्च बचत गटाच्या आवाक्यातला नाही. म्हणून म्हणतो, ज्याच्याकडे अशी व्यवस्था आहे त्याच्याकडून रंगवलेलं कापड घ्या, आणि लॉटचा टेस्ट रिपोर्ट मागा.

कधीमधी थोडं कापड रंगवावंच लागलं तर मिठाशिवायची एक रीत आहे. मोठ्या गिरण्या तिला कोल्ड पॅड बॅच म्हणतात. कोल्ड ब्रँड (न तापवता बसणारे) रिअ‍ॅक्टिव्ह रंग आणि सोडा थोड्या पाण्यात घेऊन कापड त्यात भिजवायचं, एकसारखं पिळायचं, घट्ट गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून रात्रभर ठेवायचं. पाणी इतकं कमी असतं की रंगाला सुताकडे जाण्यावाचून पर्याय नसतो, मिठानं ढकलावं लागत नाही. फक्त आपल्याकडच्या थंडीचं भान ठेवा. निफाडचा पारा पाच-सहावर येतो त्या दिवसांत ही पिशवी ओट्यावर ठेवली तर सकाळी रंग अर्धाच बसलेला असतो. घरात उबेला ठेवा आणि वेळ दुप्पट द्या.

आता तुमचं खरं काम, पिगमेंट छपाई. पिगमेंट विरघळत नाही, तो अ‍ॅक्रिलिक बाइंडरच्या पातळ पडद्यात कापडावर अडकतो. वाफ लागत नाही, छपाईनंतर धुवावं लागत नाही, म्हणून पाणी जवळजवळ फक्त स्क्रीन (छपाईची जाळी) धुण्याला. रिअ‍ॅक्टिव्ह छपाईत युरिया, वाफ आणि तीन-चार धुणी येतात, त्या फंदात पडू नका. पिगमेंटमध्ये तुम्ही चार ठिकाणी लक्ष द्यायचं.

पहिलं, पेस्ट. जुने कारागीर घट्टपणासाठी रॉकेल फेटून पेस्ट बनवायचे, निम्म्याहून जास्त रॉकेलच. सुकताना ते सगळं हवेत आणि छातीत जायचं. आता पाण्यात फुलणारा सिंथेटिक थिकनर मिळतो, तोच घ्या. पेस्टला रॉकेलचा वास आला तर परत करा.

दुसरं, फिक्सर. रंग पक्का व्हावा म्हणून जो फिक्सर मिसळतात तो बऱ्याचदा मेलामाइन-फॉर्माल्डिहाइडचा असतो. डोळे चुरचुरतात, घशात खवखवतं ते याच्यामुळे. ओको-टेक्सच्या (कापड सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र) कसोटीत अंगाला लागणाऱ्या कपड्यात फॉर्माल्डिहाइड किलोला 75 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, बाळाच्या कपड्यात ते सापडताच कामा नये. फॉर्माल्डिहाइड-विरहित बाइंडर आणि फिक्सर मिळतात, थोडे महाग पडतात. सफोलाइट घालून केलेली डिस्चार्ज छपाईही (रंगीत कापडाचा रंग काढून नक्षी उठवतात ती) फॉर्माल्डिहाइड सोडते, ती झबल्यांवर मुळीच नको.

तिसरं, भगव्या-पिवळ्या पिगमेंटची जात. बरेच चमकदार पिवळे-केशरी पिगमेंट डायक्लोरोबेंझिडीनपासून बनतात. पिगमेंट अविद्राव्य असल्यामुळे ते सहसा फुटत नाहीत, पण हे अमाइन त्या 22 मध्येच आहे आणि लहान मुलांच्या मालात मी ती जोखीम घेत नाही. जुन्या क्रोम यलो-ऑरेंजमध्ये तर शिसं आणि क्रोमियम दोन्ही. पुरवठादाराला पिगमेंटचा कलर इंडेक्स क्रमांक (रंगाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) आणि सुरक्षा पत्रक लेखी मागा. 'अहो ताई, सगळे हेच वापरतात' हे उत्तर चालणार नाही.

चौथं, क्युरिंग. इथे सगळ्यात जास्त माल बिघडतो. छपाई सुकली म्हणजे पक्की झाली असं नाही. बाइंडर साधारण 150 अंशांना काही मिनिटं तापला तरच त्याची जाळी विणली जाते. घाईत इस्त्री फिरवून पाठवलेला माल दुसऱ्या धुण्याला सोलतो. हीट प्रेस घ्या, तापमान आणि वेळ बाइंडरच्या पत्रकाप्रमाणे ठेवा आणि प्रेसच्या कडेला खरंच तेवढं तापमान येतं का ते तापमान दाखवणारी पट्टी चिकटवून एकदा बघा. स्वस्त प्रेसच्या कोपऱ्यात ते बरंच कमी भरतं.

टी-शर्टवर जाड, रबरासारखी छपाई दिसते ती प्लास्टिसॉल. पीव्हीसी आणि ते मऊ ठेवणारे पदार्थ, बऱ्याचदा थॅलेट. बाळाच्या कपड्यावर नकोच.

एक गोष्ट कोणी विचारत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. स्क्रीन बनवताना इमल्शनमध्ये (जाळीवर लावायच्या लेपात) जी नारिंगी पूड किंवा खडे मिसळतात ते बहुतेक वेळा अमोनियम किंवा पोटॅशियम बायक्रोमेट असतं. तेच सहा-संयुजी क्रोमियम, ज्याबद्दल वर लिहिलं. स्क्रीन उघडताना ते उघड्या हातांनी, नळाखाली, सरळ मोरीत धुतलं जातं. सगळा माल 'इको' करून शेवटी मोरीत क्रोमियम. डायझो किंवा तयार फोटोपॉलिमर इमल्शन घ्या. स्क्रीन बाहेरून करून घेत असाल तर करणाऱ्याला तो डबा दाखवायला सांगा.

रिअ‍ॅक्टिव्ह रंगाची पूड हाताळायची वेळ आली तर पंखा बंद, मास्क लावून, खाली ओलं वर्तमानपत्र पसरून वजन करा. या पुडीनं वर्षानुवर्षांत दम्यासारखा त्रास जडतो आणि एकदा जडला की चिमूटभरानंही उसळतो.

पाण्याचं. स्क्रीन धुण्याआधी पेस्ट स्क्वीजीनं (छपाईची रबरी पट्टी) खरवडून परत डब्यात भरा. ही एक सवय लागली तर निम्मा प्रश्न संपतो. उरलेलं पाणी ड्रममध्ये साठवा, तुरटी आणि थोडा चुना टाकून ढवळा, रात्रभर निवळू द्या. पिगमेंट आणि बाइंडर कणांच्या रूपात असतात म्हणून ते गोळा होऊन खाली बसतात. विरघळलेले रंग असे पुरते बसत नाहीत, तुम्हाला पिगमेंट सुचवण्याचं तेही एक कारण. वरचं नितळ पाणी पुन्हा स्क्रीन धुवायला घ्या. खालचा गाळ वाळवून वेगळा ठेवा, घंटागाडीत टाकू नका, तो अधिकृत घातक कचरा केंद्राकडेच जायला हवा. हिरडा-तुरटीचं पाणी विषारी नसलं तरी नाल्यात नको: टॅनिन कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं. थंड करून, पातळ करून कंपोस्टवर थोडं थोडं घाला.

कायद्याचं थोडक्यात. पाणी सोडणारी रंगाई, ब्लीचिंग, छपाई 2016 च्या वर्गीकरणात सर्वात प्रदूषणकारी 'लाल' गटात धरलेली होती, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीशिवाय चालत नाही, आणि राहत्या वस्तीत रंगाईला ती मिळेल अशी आशा धरू नका. तुमच्या अंगणाचं पाणी वाघाडी नाल्यातून थेट गोदेत जातं, हेही आहेच. फक्त पिगमेंट छपाई करणार असाल तर रोजचं पाणी किती, कच्चा माल कोणता, हे एका कागदावर लिहून मंडळाच्या नाशिक प्रादेशिक कार्यालयात लेखी विचारा. तोंडी 'चालतंय की' यावर पैसे गुंतवू नका.

कापड विकत घ्यायला गेलात की पांढरा सुती रुमाल ओला करून पिळा, बोटाला गुंडाळा आणि भगव्या कापडावर दाबून दहा वेळा घासा. मग दुसरा तुकडा पांढऱ्या कापडाला टाचून कोमट मिठाच्या पाण्यात भिजवा, पिळून दोन काचांमध्ये दाबून चार तास उबेला ठेवा. रुमालावर किंवा शेजारच्या पांढऱ्यावर केशरी आलं तर तो लॉट सोडा, भाव कितीही चांगला असो. अमाइन आणि फॉर्माल्डिहाइड घरी कळत नाहीत. त्यासाठी तयार मालाचा नमुना मुंबईला टेक्सटाइल्स कमिटी किंवा बीटीआरएच्या (बॉम्बे टेक्सटाइल रिसर्च असोसिएशन) प्रयोगशाळेत पाठवा. प्रत्येक लॉटचा नको, पण पहिल्या भगव्याचा आणि झबल्यांच्या पिगमेंटचा नक्की. झबल्यांसाठी लाळेतला आणि घामातला टिकाऊपणा तपासून घ्यायला विसरू नका.

आणि टॅगवर 'केमिकल-फ्री' लिहू नका, तुरटीही केमिकलच आहे. पिशवीवर लिहा: हिरडा, लोखंड-गुळाचा काळा, हातठसा. उपरण्यावर: रिअ‍ॅक्टिव्ह रंगाचं सुती कापड, पाण्यावर आधारित फॉर्माल्डिहाइड-विरहित छपाई, पहिलं धुणं वेगळं. सिंहस्थाची गर्दी सुरू झाली की भगव्या कापडाला मागणी चढेल आणि कच्च्या रंगाचा माल बाजारात भरेल. कापडाचा सौदा आणि नमुन्यांची तपासणी त्याआधीच उरका. स्क्रीन आणि प्रेसचं नंतर बघता येईल.